बिलाच्या खिडकीवर म्हणाले, ‘एमएसडब्ल्यूला भेटा’. म्हणजे नक्की कुणाला?

पत्र : वडील (वय ६१) रिक्षा चालवतात. अकरा दिवसांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटलं. नवी मुंबईतल्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आहेत. बिल ३,८०,००० झालं आहे. त्यातले दीड लाख भरले: ६०,००० आईचे दागिने ठेवून, बाकीचे भिशीतून आणि नातेवाइकांकडून. वडिलांना महिन्याला दहा हजार सुटायचे. मी महाप्याला एमआयडीसीत कामाला आहे, पगार १६,०००. भाऊ बारावीला. घणसोली गावात तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, लिफ्ट नाही. रेशनकार्ड केशरी, पण साताऱ्याकडच्या गावाचं. डॉक्टर म्हणतात, चार-पाच दिवसांत घरी न्या, नाकातली नळी आणि लघवीची पिशवी तशीच राहील. बिलाच्या खिडकीवर विचारलं तर म्हणाले, ‘एमएसडब्ल्यूला भेटा.’ आई म्हणते, कुणापुढे हात पसरायचा नाही. शेजारी म्हणतात, समाजसेवक म्हणजे पक्षाची माणसं, ओळख लागते. एकाने साठ हजारांचा उत्पन्नाचा दाखला काढून देतो असंही सांगितलं. काय करू? (एक वाचक, घणसोली)

उत्तर :

ताई,

आजच जा. डिस्चार्जला चार-पाच दिवस आहेत, आणि तुमच्याजवळ सगळ्यात मोलाचे तेवढेच आहेत. बहुतेक घरं एमएसडब्ल्यूच्या दारात पोचतात ती डिस्चार्जच्या दिवशी दुपारी, बिल हातात घेऊन. तेव्हा मंजुरीची वेळ टळलेली असते, दाखला निघायचा असतो, मदत करणाऱ्या ट्रस्टचं ऑफिस बंद व्हायला आलेलं असतं. एवढंच नाही, घरी नळीतून दूध कसं घालायचं हे शिकायलाही वेळ उरत नाही. बिलाच्या खिडकीने तुम्हाला अकराव्या दिवशी तिकडे पाठवलं. खरं तर हे दाखल केल्याच्या दुसऱ्या दिवशीच व्हायला हवं होतं.

आधी त्या शब्दाचा घोळ मिटवू. ठाणे-नवी मुंबईच्या चौकाचौकांत वाढदिवसाच्या फलकांवर नावापुढे ‘समाजसेवक’ लावलेलं असतं, म्हणून शेजाऱ्यांना तसं वाटलं. हॉस्पिटलमधली एमएसडब्ल्यू, म्हणजे मेडिकल सोशल वर्कर, वैद्यकीय समाजसेवक, ही वेगळी व्यक्ती आहे. समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेली, हॉस्पिटलच्या पगारावरची कर्मचारी. सरकारी दवाखान्यात याच पदाच्या पाटीवर ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असं लिहिलेलं असतं. आपल्या देशात या पदावरची पहिली नेमणूक १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. त्यांच्याकडे जायला ओळख, चिठ्ठी, फोन काही लागत नाही. पैसेही पडत नाहीत. वॉर्डातल्या सिस्टरना ‘एमएसडब्ल्यू मॅडम कुठे बसतात आणि किती वाजेपर्यंत असतात’ एवढंच विचारा.

त्यांचं काम थोडक्यात असं: डॉक्टर आजार बघतात, त्या आजाराभोवतीचं घर बघतात. कमावणारं कोण, कर्ज किती, रात्री रुग्णाला कुशीवर वळवायला कोण उठणार, घर कितव्या मजल्यावर, औषधं पुढच्या महिन्यात परवडतील का. हे सगळं त्या केसपेपरवर लिहितात आणि डॉक्टरांपर्यंत पोचवतात. बिलात सवलत हा या कामाचा एक भाग झाला. तुमच्या बाबतीत दुसरा भाग जास्त मोठा आहे, त्याकडे पुढे येते.

आता आईंच्या ‘हात पसरणं’ या शब्दाबद्दल. त्यांना हे नीट समजावून सांगा. सार्वजनिक न्यासाने चालवलेल्या मोठ्या रुग्णालयांवर महाराष्ट्रात कायद्याने बंधन आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ एए आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना, जी २००६ पासून लागू आहे. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, ज्याला हॉस्पिटलात ‘आयपीएफ’ म्हणतात, जमा करावी लागते. पैसे भरणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या बिलातून हा निधी उभा राहतो. एखाद्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात तुमच्या घरातल्या कुणी पूर्वी बिल भरलं असेल, तर त्यातलाही वाटा त्यात गेलेला आहे. मागायचा आहे तो हक्क. आईंना संकोच वाटण्याचं खरोखर काही कारण नाही.

उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० आहे. तुमचा हिशेब करू. तुमचे १६,००० गुणिले १२ म्हणजे १,९२,०००. वडिलांचे १०,००० गुणिले १२ म्हणजे १,२०,०००. बेरीज ३,१२,०००. तुम्ही सरळसरळ दुर्बल घटकात बसता, खरं सांगून बसता. साठ हजारांच्या दाखल्याला म्हणून हात लावू नका. एमएसडब्ल्यू तुमची पगाराची स्लिप आणि पासबुक बघणार. दाखल्यावर साठ हजार आणि पासबुकात दरमहा सोळा हजार जमा, हे दोन मिनिटांत दिसतं. मग सगळा अर्ज संशयात जातो आणि जे मिळणार होतं तेही जातं. खोटा दाखला हा गुन्हा आहे, तो वेगळाच.

दुर्बल घटकाला काय मिळतं ते नीट समजून घ्या, कारण इथे अपेक्षा चुकते. खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, पाणी-वीज, नेहमीच्या साध्या तपासण्या असल्या सेवांचे पैसे लावायचे नसतात. बाकी सेवा सवलतीच्या दराने लावायच्या असतात. औषधं, इतर वापराचं साहित्य आणि इम्प्लांट यांच्या रकमेतला किमान निम्मा भाग रुग्णाने भरायचा असतो. उदाहरणादाखल, ३,८०,००० मध्ये औषधं आणि साहित्य १,४०,००० चं असेल, तर त्यातले निदान ७०,००० तुमच्याकडे राहतील, खाटेचे आणि नर्सिंगचे पैसे निघतील, एमआरआय-सीटीसारख्या तपासण्या कमी दराने लागतील. म्हणून आज बिलाच्या खिडकीवरून खातेवार बिल मागून घ्या: खाट किती, औषधं किती, तपासण्या किती, डॉक्टरांची फी किती. एकच मोठा आकडा घेऊन गेलात तर कुठे काय कमी होईल ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि पहिल्याच भेटीत विचारा, ‘सवलत दाखल केलेल्या तारखेपासून धरणार की अर्जाच्या तारखेपासून?’ भरलेले दीड लाख कसे वळते करणार, तेही विचारा.

कागद. पडताळणी हॉस्पिटलातल्या वैद्यकीय समाजसेवकानेच करायची, असं त्या योजनेतच लिहिलं आहे, आणि तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड/दारिद्र्यरेषेचं कार्ड यांपैकी कोणताही एक कागद चालतो. त्यामुळे दाखला नाही म्हणून थांबू नका. साताऱ्याचं केशरी कार्ड घेऊन आज अर्ज द्या. केशरी कार्ड वर्षाला एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाचं असतं, त्यामुळे ‘तुमचं खरं उत्पन्न किती?’ हा प्रश्न येईलच. न बिचकता ३,१२,००० सांगा. सोबत वडिलांचं आणि तुमचं आधार, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं पासबुक, भाडेकरार किंवा लाइट बिल, दागिने ठेवल्याची पावती, आजवर भरलेल्या पैशांच्या सगळ्या पावत्या. दोन-दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद दाखवा पण कुणाकडे सोडून येऊ नका. रेशनकार्डावर वडिलांचं नाव आणि आधारवरचं नाव यांत फरक असेल (गावाकडच्या कार्डांवर हे फार होतं), तर ते स्वतःहून आधीच सांगा.

दाखला काढायलाही उद्याच टाका, पुढच्या कामांना लागेल. घणसोली ठाणे तालुक्यात येते, त्यामुळे ठाणे तहसीलदार. बेलापूरपासून दिघ्यापर्यंतचा नवी मुंबई महापालिकेचा सगळा पट्टा ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, तिकडचा दाखला पनवेल तहसीलचा. हॉस्पिटल ज्या तालुक्यात आहे तिकडे पळून लोक एक पूर्ण दिवस घालवतात. दाखला रुग्ण राहतो तिथला लागतो. दाखला देण्याची मुदत १५ दिवसांची असते. ‘रुग्ण दाखल आहे, दाखला तातडीने लागतो’ असं पत्र एमएसडब्ल्यूकडून घ्या, सेतू केंद्रात अर्जासोबत जोडा आणि अर्जाची पावती त्यांना आणून दाखवा.

त्यांच्या खोलीत बोलायचं कसं, हेही सांगते, कारण तिथेच बरंच काही ठरतं. ‘बिल फार झालंय, काहीतरी करा’ एवढ्याने त्यांना काही लिहिता येत नाही. असं सांगा: ‘घरात चौघं. आजपासून कमावणारी मी एकटी, १६,०००. भाडं इतकं, भावाची फी इतकी. दीड लाख भरले, त्यातले ६०,००० दागिन्यांवर, भिशीचा हप्ता इतका. अजून इतके जमवू शकतो, त्यापुढे नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही किती भरू शकता हा आकडा तुमच्याकडून आला, की बोलणी तिथून सुरू होतात. त्या खाजगी वाटतील असे प्रश्न विचारतील: दारू होती का, भावकीत जमीन आहे का, आईची तब्येत कशी. चौकशी म्हणून नाही, फाइल उभी करायला त्यांना ते लागतं, आणि ते गोपनीय ठेवणं त्यांच्या पेशाचा नियम आहे.

आता बाकीची दारं, पटापट.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. साताऱ्याचं रेशनकार्ड इथे चालतं, योजना राज्यभराची आहे. हॉस्पिटल योजनेत असेल तर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, कक्ष तिथेच असतो. नसेल किंवा कळत नसेल तर १५५३८८ वर विचारा. दोन अटी लक्षात ठेवा. वडिलांवर झालेला उपचार योजनेच्या यादीत असायला हवा, आणि मंजुरी उपचार चालू असताना घ्यावी लागते. मंजुरीआधी भरलेले पैसे योजनेतून परत येतील अशी आशा धरू नका. आरोग्यमित्र वेगळा आणि एमएसडब्ल्यू वेगळी. एकाने नाही म्हटलं म्हणजे दुसरं दार बंद झालं असं नाही.

मुख्यमंत्री सहायता निधीबद्दल सगळे सांगतील. त्याची उत्पन्न मर्यादा १,६०,००० आहे. तुम्ही त्यात बसत नाही. तिकडे दिवस घालवू नका.

आणि एक दार जे कुणीही तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही: ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजना. तुमचा पगार १६,०००, म्हणजे २१,००० च्या आत. कंपनीत कायदा लागू असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे साधारण १२० रुपये, दरमहा कापले जात असणार. स्लिपवर बघा. कापले जात असतील तर तुमचा विमा क्रमांक आहे, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. आईवडिलांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत हवं. वडील रिक्षा चालवत होते तोवर ते त्यात बसत नव्हते. आता त्यांची कमाई थांबली आहे. कंपनीच्या एचआरकडून दोघांची नावं कुटुंबात घालून घ्या. आत्ताच्या बिलाला याचा उपयोग होईल असं धरू नका, पण पुढची महिनोन्महिने चालणारी औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी यासाठी ठाण्याला वागळे इस्टेट आणि वाशी इथे कामगार विमा रुग्णालयं आहेत.

उरलेल्या रकमेसाठी धर्मादाय ट्रस्ट. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट यांच्यासारख्या संस्था रुग्णांना मदत करतात. बहुतेकांना लेटरहेडवरचं खर्चाचं अंदाजपत्रक, डॉक्टरांची सही आणि एमएसडब्ल्यूचं पत्र लागतं, आणि मदत हॉस्पिटलच्या नावाने येते. रुग्ण दाखल असतानाच अर्ज गेला तर त्याला अर्थ असतो. कोणत्या ट्रस्टकडे सध्या अर्ज घेतात हे एमएसडब्ल्यूला ठाऊक असतं; सगळीकडे एकच झेरॉक्सचा गठ्ठा पाठवण्यापेक्षा त्या सांगतील त्या दोन-तीन ठिकाणी पूर्ण कागदांनिशी जा.

रोख पैसे कुणाच्याही हातात देऊ नका. हॉस्पिटलच्या दाराशी ‘बिल कमी करून देतो, वीस टक्के द्या’ म्हणणारे भेटतात. खरी एमएसडब्ल्यू एक रुपया घेत नाही. जे भरायचं ते खिडकीवर, पावती घेऊन. तसंच त्यांना काय जमत नाही तेही ठाऊक असू द्या. बिल माफ करण्याचा अधिकार त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो. त्या शिफारस करतात, सही व्यवस्थापनाची असते.

‘आयपीएफ संपला’ किंवा ‘खाटा भरल्यात’ असं उत्तर आलं तर भांडू नका. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि नकार लेखी मागा. तो कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या ठाणे कार्यालयात जाता येतं. राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरही असते. बिल बाकी आहे म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत तसं स्पष्ट आहे. बाकी मात्र बाकीच राहते; हप्त्यांचं लेखी करून घ्या. आणि कितीही वैतागलात तरी ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेतो अशा कागदावर, पैशांसाठी सही करू नका. मग धड डिस्चार्जची तयारी होत नाही आणि पुढचं सगळं अडतं.

आता घर. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटलेली ओळ बिलाची नव्हती. ‘तिसरा मजला, लिफ्ट नाही’, ही होती. बिल एकदा भागतं; नळी, पिशवी आणि जिना तुम्हाला महिनोन्महिने सांभाळायचे आहेत. एमएसडब्ल्यूला हे सांगितलंत का? नसेल तर पैशांआधी हेच सांगा. डॉक्टरांना तुमचं घर माहीत नाही.

त्यांना एक बैठक लावायला सांगा: डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, वॉर्डातली सिस्टर आणि तुम्ही दोघी. वीस मिनिटं पुरतात. वहीत प्रश्न लिहून न्या. नळी किती दिवस, गिळण्याची तपासणी कधी? लघवीची नळी कोणत्या तारखेला बदलायची आणि कुठे? कोणती गोळी काहीही झालं तरी बंद करायची नाही? औषधं जेनेरिक नावाने लिहून द्याल का, म्हणजे जनऔषधी केंद्रातून घेता येतील?

नळीतून अन्न घालणं बघून येत नाही, करून येतं. डिस्चार्जआधी आईंनी आणि तुम्ही, दोघींनी, सिस्टरसमोर निदान तीन-तीन वेळा स्वतःच्या हाताने घाला. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. आधी नाकाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का बघायचं. सरकली असेल तर काहीही घालायचं नाही, आपण आत ढकलायची तर मुळीच नाही. अन्न कोमट, बारीक गाळणीने किंवा मलमलच्या फडक्याने गाळलेलं, एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी. नेमका तक्ता आहारतज्ज्ञ देतील. सिरिंजचा दट्ट्या दाबून नाही, वर धरून आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी, नाहीतर नळी तुंबते. तुंबते ती बहुतेक वेळा गोळ्यांच्या जाडसर चुऱ्याने. काही गोळ्या कुटून चालत नाहीत, त्यांची यादी लिहून घ्या. घालून झाल्यावर तासभर आडवं करायचं नाही. मधेच खोकला आला, दम लागला, ओठ निळसर दिसले तर लगेच थांबायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हे अशा रुग्णांना पुन्हा दाखल करावं लागण्याचं मोठं कारण आहे.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. दोन-तृतीयांश भरली की रिकामी करायची, आधी आणि नंतर हात धुऊन. लघवी गढूळ झाली, वास मारू लागली, ताप आला किंवा पिशवीत काही येईनासं झालं तर वाट बघू नका.

कूस दर दोन तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. रात्रीच्या पाळ्या आत्ताच वाटून घ्या: दहा ते दोन तुम्ही, दोन ते सहा भाऊ, असं काहीतरी. सगळ्या रात्री आईंवर टाकल्या तर पंधरा दिवसांत त्याही आजारी पडतील. माकडहाड, टाचा, कुल्ल्याची हाडं रोज बघा. लाल झालेली जागा दाबून पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. हवेची गादी आणि कमोडची खुर्ची विकत घेण्याआधी एमएसडब्ल्यूला विचारा. अनामत ठेवून रुग्णसाहित्य वापरायला देणारी केंद्रं अनेक मंडळं आणि संस्था चालवतात, त्यांचे पत्ते त्यांच्याकडे असतात. आणि वडिलांना उठवताना उजवा हात धरून कधीच ओढू नका. लुळा खांदा त्याने निखळतो आणि मग व्यायामच थांबतो. फिजिओथेरपिस्टकडून काखेखाली धरायची पद्धत शिकून घ्या, भावालाही बोलवा.

जिना आज संध्याकाळी मोजा. गावठाणातल्या इमारतींच्या वळणावर स्ट्रेचर अडकतो. भक्कम हातांच्या खुर्चीत पट्ट्याने बांधून चार माणसांनी न्यावं लागेल. शेवटचं अन्न निदान दीड तास आधी, पिशवी रिकामी करून. डिस्चार्ज सकाळचा मागा, शनिवारी संध्याकाळचा नको, काही कमी पडलं तर दुकानं तरी उघडी असतात. मात्र फिजिओसाठी आणि तपासणीसाठी पुन्हा खाली आणावं लागणार. सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांत पदरात पडतो. तेवढे तीन महिने तळमजल्यावरची एखादी खोली, ओळखीच्यांची किंवा अदलाबदलीने, मिळते का बघा. घर कुठल्याच तऱ्हेने तयार होत नसेल तर तेही सांगा. एमएसडब्ल्यू वाशीच्या महापालिका रुग्णालयात किंवा कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात तिथल्या समाजसेवा विभागाशी बोलू शकतात. खाट नक्की झाल्याचं कळल्याशिवाय इथून हलू नका, आणि डिस्चार्ज समरी, सीटी-एमआरआयच्या सीडी सोबत हव्यात.

घरी आल्यावर तोंड एका बाजूला ओढलं गेलं, दुसरा हात किंवा पाय ढिला पडला, असलेलं बोलणंही गेलं, तर १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आधी सीटी स्कॅन लागतो. सीटीची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. सगळं ठीक चाललं आणि तरी उजवी बाजू राहिली, तर सहा महिन्यांनी प्रकृती स्थिरावल्यावर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडी कार्डासाठी, अर्ज करा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून पुढे लागतात. ओपीडीला आलात की एमएसडब्ल्यूला पुन्हा भेटा. डिस्चार्ज झाला म्हणून त्यांचं काम संपत नाही.

वडिलांना बोलता येत नाही म्हणून कळत नाही असं धरू नका. उजव्या बाजूच्या लकव्यात अनेकदा समजतं बरंच, शब्द सापडत नाहीत. बिलाच्या आणि कर्जाच्या गोष्टी त्यांच्या खाटेशी उभ्या राहून करू नका. कुठे नेणार, काय करणार हे त्यांना सावकाश, छोट्या वाक्यांत सांगा, आणि हो-नाहीसाठी हात दाबायची खूण ठरवा.

एमएसडब्ल्यूकडे जाताना आईंना बरोबर घ्या. त्यांना बोलायला लावू नका, नुसतं बसू द्या. पुढचं सगळं त्यांच्याच हातून व्हायचं आहे, तेव्हा ‘तुम्ही दिवसभर एकट्याच असाल का?’ हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायला हवा, आणि उत्तर त्यांनीच द्यायला हवं. आणि अकरा दिवसांत त्यांचा स्वतःचा बीपी कुणी तपासला आहे का, तेही तिथेच विचारून घ्या.